त्या दुपारी वेळ होता

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, चंदीगडच्या सेक्टर बावीसमधली खोली जिच्याबरोबर वाटून घेते त्या मैत्रिणीच्या नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्या तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण फारसं चांगलं नाही, मला कळतं.

मराठीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. बाबा हवाई दलात होते. शाळा बदलत गेल्या, शाळेतली भाषा मात्र सगळीकडे इंग्रजीच. आज कामाचं लिहिते तेही इंग्रजीत. मराठी फक्त घरातली — आईच्या फोनवरची, बाबांच्या रागावण्यातली. माझे लेख जे वाचतात, त्यांतलं कुणीही मराठी वाचत नाही. म्हणजे कबूल करतानाही मी आडोसा शोधलाच आहे. तुम्ही नंतर ओळखाल, त्यापेक्षा मीच आधी सांगते.

माझ्या कामाबद्दल आधी थोडं सांगावं लागेल. कंटाळवाणं वाटेल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरकार वर्षभर जो पैसा खर्च करतं, तो आधी सभागृहाकडे मागावा लागतो. प्रत्येक खातं आपली मागणी ठेवतं. आमदारांनी ती तपासायची, प्रश्न विचारायचे, मग मंजुरी द्यायची. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात अधिवेशन थोड्या दिवसांचं, त्यातले काही दिवस गोंधळात जातात, आणि चर्चा होते ती मोजक्या खात्यांवर. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. हो म्हणणाऱ्यांनी हो म्हणायचं, संपलं. याला ‘गिलोटिन’, म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र, म्हणतात — आणि हा शब्द तिथे सगळे ‘चहा झाला का’च्या सुरात वापरतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. नंतर मीही तसाच वापरू लागले.

या विषयावर मी एक लेख लिहिला. आमच्या छोट्याशा वर्तुळात तो बराच फिरला. त्यामुळेच मला मोहालीतल्या एका संस्थेत नोकरी लागली. बाबांनी तो त्यांच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि आईने लेख न वाचताच बहिणींना फोन केले. लेखातलं म्हणणं खरं आहे. आजही मी त्यातला एकही मुद्दा मागे घेणार नाही. पण लेखाच्या सुरुवातीला एक उदाहरण आहे — मूकबधिर मुलींच्या वसतिगृहाचं. लोकांच्या लक्षात तेच राहतं. कार्यशाळांमध्ये मला तेच सांगायला लावतात.

त्या उदाहरणाबद्दल लिहायचं आहे. केव्हापासून त्याच्याभोवती फिरते आहे, बघा ना.

कॉलेज संपल्यावर मी एका आमदारबाईंकडे मदतनीस म्हणून काम करत होते. चंदीगडला एकाच इमारतीत दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. त्यांतली ही कुठली, ते लिहीत नाही. मॅडम अपक्ष होत्या. साठीच्या, जाड चष्मा, गुडघे दुखायचे म्हणून पायांत नेहमी स्पोर्ट्स शूज — सलवार-कमीजवर. सभागृहात बोलायची वेळ पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटतात. अपक्षांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, तेही शेवटी, सगळ्यांना जेवायची घाई झालेली असताना. मॅडम म्हणायच्या, “पुत्तर, मुझे तो सांस लेने का टाइम देते हैं, बोलने का नहीं।”

मला त्या आवडायच्या. त्यांना माझी गंमत वाटायची. आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायच्या — “साडी कुड़ी बोलदी नईं, बस लिखदी ऐ।” आमची पोरगी बोलत नाही, नुसती लिहिते. सगळे हसायचे. मीही हसायचे. खरंच होतं ते. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडतात. शाळेपासून असंच आहे. आई म्हणते, “मूग गिळून बसतेस आणि मग म्हणतेस, कुणी विचारलंच नाही.”

जस्सी आणि तिची आई आमच्याकडे आल्या त्या हिवाळ्याच्या शेवटी. मॅडमच्या मतदारसंघातलं गाव, घरी थोडी शेती आणि तीन म्हशी. जस्सी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. जन्मापासून ऐकू येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांची सरकारी शाळा आहे, मुलींचं वसतिगृहही आहे. पण रात्री मुलींजवळ राहणारी बाई — मेट्रन — सोडून गेली, आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. रात्री सांभाळायला बाईमाणूस नाही म्हणून वसतिगृह बंद. जवळच्या मुली घरून ये-जा करू लागल्या. लांबच्या मुली घरीच राहिल्या. जस्सीचं गाव लांब.

“मेरी भी नहीं बोलती जी,” माझी ओळख ऐकून तिची आई म्हणाली. “फिर तो इन दोनों की जमेगी।” मॅडम खो-खो हसल्या. जस्सीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, हसण्याचं कारण आईला विचारलं, आणि कळल्यावर माझ्याकडे अशी काही पाहू लागली, की जणू मी तिच्या शाळेतलीच कुणी.

आणि जमलंच. मॅडम फोनवर असताना आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. मी बिस्किटं दिली, तिने मला हातांनी म्हैस काढून दाखवली — शिंगं, मग रवंथ. निघताना तिने आईला काहीतरी सांगितलं. आई म्हणाली, “आपका नाम रख दिया इसने। इनके स्कूल में सबका ऐसे ही होता है।” जस्सीने उजव्या हाताच्या बोटांनी केसांची न दिसणारी बट कानामागे सारली. हे माझं नाव. काही बोलायच्या आधी मी तसं करते. मला स्वतःला ते तेव्हा कळलं.

खर्चाच्या पुस्तकात मी शोधलं. गेल्या वर्षी त्या मेट्रनच्या पगाराची तरतूद होती, आणि ती खर्चच झालेली नव्हती. पैसा होता, माणूस नेमला नव्हता. मार्च संपताना असा पैसा परत जातो. यंदा तीच तरतूद पुन्हा मागितली होती. म्हणजे विचारायला एक साधा, सरळ प्रश्न होता — ही जागा का भरली नाही, आणि कधी भरणार? मॅडमना त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळत होती. “मंत्री हाउस में एक बार ‘कर देंगे’ बोल दे ना, तो वो लिखा जाता है। फिर अफसर को जवाब देना पड़ता है। एक लाइन चाहिए, बस।”

पण आधीच्या अधिवेशनात एका रस्त्याबद्दल त्या तावातावाने बोलल्या होत्या, आणि रस्ता महिन्यापूर्वीच झालेला निघाला. मंत्र्याने फोटो दाखवला. अख्खं सभागृह हसलं होतं. त्या हसण्याची क्लिप गावोगाव फिरली होती. म्हणून त्यांनी मला बजावलं. पुस्तकातला आकडा जुना असतो, मधल्या काळात बाई नेमली असेल तर? “ज़िला दफ़्तर में फोन करके पक्का कर ले। पोस्ट खाली है या भरी। तू हां कहेगी तो उठूंगी, नहीं तो नहीं।” कार्यालयाचा नंबर त्यांनी स्वतः मला लिहून दिला.

एक फोन. एवढंच काम होतं.

मी ईमेल केला. अतिशय चांगल्या इंग्रजीत, विषयाची ओळ वगैरे घालून, शेवटी आगाऊ आभार. मग उत्तराची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी आणखी एक पाठवला, आधीच्याची आठवण देणारा. रोज सकाळी ठरवायचे, आज फोन करायचा. नंबर लावायचे, आणि पहिली रिंग वाजायच्या आत बंद करायचे. काय होणार होतं? पलीकडचा माणूस खेकसला असता. पंजाबीत भरभर काही बोलला असता आणि मला कळलं नसतं. कुठल्या मॅडम, कुठलं ऑफिस, तू कोण — असं विचारलं असतं. यापेक्षा जास्त काय?

मॅडमनी विचारलं, “हुआ फोन?”

मी म्हणाले, “उठाते नहीं, मॅडम।”

हे पहिलं खोटं. आणि ते किती सहज पटलं! मॅडम सुस्कारा टाकून म्हणाल्या, “ये दफ़्तर वाले…” सरकारी कार्यालयात फोन उचलत नाहीत, हे सगळ्यांना माहीतच आहे. खऱ्या तक्रारीच्या मागे लपायला किती जागा असते, ते मला त्या दिवशी समजलं. मॅडम म्हणाल्या, पुन्हा लाव, लावत राहा. मी हो म्हणाले.

मागण्यांवरच्या मतदानाचा दिवस उजाडला. सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत मोबाइल नेता येत नाही, दारातच जमा करावा लागतो. म्हणून आमचं ठरलं होतं — वेळ आली की मॅडम वर बघतील. जागा रिकामी असल्याचं पक्कं झालं असेल तर मी मान डोलवायची. दाराशी मोबाइल देण्यापूर्वीही मी फोन करू शकले असते. ऊन छान पडलं होतं, ऑफिस उघडलेलं असणार. मी मोबाइल दिला आणि टोकन घेतलं.

त्या दिवशी वेळ मिळणार नाही, असं मी मनात धरून चालले होते. हे लिहायला कठीण जातं आहे… मी त्यावर विसंबून होते. ती शाळा ज्या खात्याकडे, त्या समाजकल्याणाची मागणी यादीत खाली होती. तिथपर्यंत चर्चा कधी पोचत नाही. गिलोटिन येईल, सगळं एकदम मंजूर होईल, आणि मी फोन केला नाही हे त्याखाली झाकून जाईल.

पण दुपारी कुठल्या तरी वेगळ्याच विषयावरून वाद पेटला, घोषणा झाल्या आणि विरोधी पक्ष उठून बाहेर गेला. बोलणाऱ्यांची मोठी यादी त्यांच्याबरोबर गेली. सभागृह अर्धं रिकामं. एकामागून एक मागण्या भराभर संपल्या आणि समाजकल्याणाचा नंबर आला. मंत्री जागेवर होते. त्यांचे अधिकारी मागच्या बाकांवर कागद घेऊन बसले होते. सभागृहाच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते म्हणाले — अगदी सहज, जरा गमतीने — “कोई मेंबर बोलना चाहे तो बोल ले जी। आज टाइम है।”

आज टाइम है.

मॅडमनी वर पाहिलं. त्या जाड चष्म्याच्या काचा चमकल्या, डोळे दिसत नव्हते. फक्त चेहरा वर केलेला. बाकावर हात टेकून त्या अर्ध्या उठल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागायचा, म्हणून त्या आधीच तयार असायच्या.

मी केस कानामागे सारले. आणि मान हलवली — नाही.

त्या पुन्हा खाली बसल्या.

मंजूर म्हणणारे मंजूर म्हणाले. मागणी मंजूर झाली. नंतर चहाच्या वेळी मॅडम मला म्हणाल्या, “कोई नी पुत्तर, तेरा क्या कसूर। उठाते ही नहीं तो तू क्या करे।” माझ्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःच्या बशीतला समोसा मला दिला. मी तो खाल्ला.

त्यानंतर ती जागा त्या वर्षीही भरली गेली नाही. मॅडमनी पत्रं लिहिली, त्यांना उत्तरं आली नाहीत. पुढच्या निवडणुकीत त्या हरल्या, मी काम सोडलं. मॅडमनी प्रश्न विचारला असता तर जागा भरली गेलीच असती का? ठाऊक नाही. मंत्री काही गुळमुळीत बोलले असते, विषय संपला असता, असंही झालं असतं. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलं. पण मग लगेच ते वर केलेलं तोंड आठवतं.

इथेच थांबले असते, तर याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पण मग मी तो लेख लिहिला.

सभागृहांना खर्च तपासायला वेळ मिळत नाही, हे मी पाहिलेलं होतं, मनापासून वाटत होतं. उदाहरण हवं होतं. माझ्याजवळ एकच होतं, ज्यात माणसं होती. मी लिहिलं की एका आमदाराकडे प्रश्न तयार होता, पण वेळेअभावी मागणी चर्चेविना मंजूर झाली, आणि एक मुलगी शाळेबाहेर राहिली. ‘वेळेअभावी’. इंग्रजीत ते आणखी गुळगुळीत दिसतं. तिथे माझा दोष सांगणारा एक शब्द ठेवायला हवा होता. मी सभागृहाचा ठेवला.

आणि आता जे सांगणार आहे, ते सगळ्यात वाईट. संपादकांनी विचारलं, ती जागा अजून रिकामी आहे का, छापण्याआधी खात्री करून घ्या. सकाळी अकराच्या सुमारास मी खोलीच्या खिडकीशी उभी राहिले, खाली बाजार उघडत होता, आणि मी तोच नंबर लावला. मॅडमनी दिलेला. हात गार पडले होते, तरी लावला. माझं नाव छापून येणार होतं ना!

दुसऱ्या रिंगला उचलला.

“हांजी, बोलो जी।” म्हाताऱ्या, मवाळ आवाजाचा कुणी कारकून. मी विचारलं. तो म्हणाला, “खाली है जी, कब की खाली है। कोई पूछता ही नहीं। असेंबली-वसेंबली में कोई पूछ ले, तो फाइल हिले।” मी मागे ईमेल पाठवले होते, असं म्हणाले. तो हसला. “मेल? मेल तो जी पुराने साहब की खुलती थी। उनके साथ ही गई।” मग मला विचारलं, “आप किसी बिटिया के घर से हो?”

मी म्हणाले, नाही. आभार मानून फोन ठेवला. फार तर दोन मिनिटं झाली असतील. लेखात मी लिहिलं — जागा अद्याप रिक्त असल्याचं जिल्हा कार्यालयाने दूरध्वनीवरून सांगितलं. ते वाक्य शंभर टक्के खरं आहे.

म्हणजे मला फोन करता येत होता. लाजाळूपणा, भाषा, गार हात — हे सगळं होतंच, खोटं नव्हतं. पण माझ्या स्वतःच्या कामासाठी मी ते बाजूला ठेवू शकले. जस्सीसाठी ठेवलं नाही.

गेल्या थंडीत त्या दोघी मला भेटल्या. इथेच, सेक्टर बावीसच्या बाजारात, सलवार-सुटांच्या कापडाच्या दुकानांपुढे. मोठ्या मुलीचं लग्न होतं, खरेदीला आल्या होत्या. मी पाहिलंही नसतं. गर्दीत समोरून एक उंच मुलगी येत होती आणि तिने हात वर करून केस कानामागे सारले. तिचे केस तर घट्ट वेणीत बांधलेले होते. मग लक्षात आलं, की ती मला हाक मारते आहे.

तिच्या आईने माझा हात दोन्ही हातांत धरला. “स्कूल तो छूट ही गया जी,” ती म्हणाली. “घर में रहती है, सिलाई सीख रही है। गांव में किससे बात करे? मेरे को भी इसके आधे हाथ समझ आते हैं।” मग म्हणाली, “मैडमजी ने बताया था, आप लोगों ने बड़ी कोशिश की। टाइम ही नहीं देते बोलने का।”

मॅडमनी माझ्याबद्दल तक्रार केली नव्हती. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, आणि नेमके माझ्या लेखातलेच शब्द वापरले होते. की माझा लेख कुणी मॅडमना वाचून दाखवला होता? मी विचारलं नाही.

जस्सीने आईचा दुपट्टा ओढला आणि हातांनी भरभर काही विचारलं. आई हसली. “पूछ रही है, दीदी अब बोलने लगी क्या?”

तेव्हाही वेळ होता. बाजार रात्रीपर्यंत चालतो, त्यांची बस संध्याकाळची होती. समोर चहाचं दुकान होतं, बसता आलं असतं. जस्सी माझ्या तोंडाकडे बघत होती — ती सगळ्यांच्याच तोंडाकडे बघते, शब्द बाहेर येण्याची वाट पाहत.

मी मान डोलवली. हो.

ती खूश झाली. तिने माझं नाव पुन्हा एकदा केलं, निरोपाचं, आणि त्या कापडाच्या दुकानात शिरल्या.

पुढच्या आठवड्यात कार्यशाळेत मी ते उदाहरण पुन्हा सांगितलं. लेख अजून तसाच आहे, त्यात मी एक अक्षरही बदललेलं नाही. सभागृहांना वेळ कमी पडतो, हे खरं आहे. त्या दुपारी तो कमी पडला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं होतं, मॅडम अर्ध्या उठल्या होत्या. फोन मी केला नव्हता.